नौपाड्यातील वाचनालय आणि ब्रिगेडियर ब्लॅकबर्न यांचे चरित्र

ठाण्यात नौपाड्यातील एका खासगी वाचनालयाची घरपोच सेवा मी दोन वर्षांपासून घेत आहे. दिवाळी अंक आणि गाजलेल्या कादंबऱ्या कुठेही मिळतात. वाचनालयाचा कस लागतो तो आडवाटेचे पुस्तक मागितल्यावर. दोन्ही महायुद्धांत लढलेल्या एखाद्या ऑस्ट्रेलियन सैनिकाचे चरित्र हवे, एवढेच मी कळवले होते. ग्रंथपाल बाईंनी हाताशी असलेले युद्धावरचे एखादे पुस्तक परस्पर पाठवून दिले नाही. त्यांनी फोन करून "तुम्हाला लढाया वाचायच्या आहेत की माणूस?" असे विचारले, आणि आठ दिवसांनी आर्थर ब्लॅकबर्न यांचे इंग्रजी चरित्र घरी आले.

ही निवड अचूक होती. १८९२ मध्ये जन्मलेले ब्लॅकबर्न ॲडलेडमध्ये वकिली करत होते आणि १९१४ मध्ये साधे शिपाई म्हणून भरती झाले. २५ एप्रिल १९१५ रोजी तुर्कस्तानातील गॅलिपोलीला उतरलेल्या ऑस्ट्रेलियन सैनिकांपैकी सर्वांत आतपर्यंत पोहोचलेल्यांत त्यांची आणि त्यांचे सहकारी सैनिक फिलिप रॉबिन यांची गणना होते. जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधील पोझिएर येथे शत्रूच्या खंदकावर हातबॉम्ब फेकणाऱ्या चार तुकड्या त्यांनी एकामागून एक स्वतः पुढे नेल्या, सोबतचे अनेक जण पडत असताना २५० यार्ड खंदक जिंकला, मग एका सार्जंटसह सरपटत जाऊन पुढची पाहणी केली आणि परत येऊन आणखी १२० यार्ड घेतला. या पराक्रमासाठी त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटिश साम्राज्यातील सर्वोच्च शौर्यसन्मान मिळाला.

मला मात्र त्यानंतरचा भाग अधिक मोलाचा वाटला. आमदारकी करून आणि ॲडलेडचे कोरोनर म्हणून अपमृत्यूंच्या चौकशा करत स्थिरावलेला हा माणूस १९४० मध्ये, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मशिनगन बटालियनचा प्रमुख म्हणून पुन्हा युद्धसेवेत दाखल झाला. जून १९४१ मध्ये सीरियातील दमास्कस शहराची शरणागती त्यांनी स्वीकारली. त्या मोहिमेत आपली पाचवी भारतीय ब्रिगेडही लढली होती, हे मराठी वाचकाने लक्षात ठेवावे. नऊ महिन्यांतच पारडे फिरले. तेव्हा डचांच्या ताब्यात असलेल्या जावा बेटावर घाईने उभारलेल्या 'ब्लॅकफोर्स' या फौजेचे नेतृत्व ब्रिगेडियर म्हणून त्यांच्याकडे आले, डच सेनेने शस्त्रे खाली ठेवल्यावर मार्च १९४२ मध्ये त्यांनाही जपानी सैन्याला शरण जावे लागले, आणि पुढची साडेतीन वर्षे कैदेत गेली. त्यांची सुटका १९४५ मध्ये, थेट ईशान्य चीनमधील मंचुरियात झाली. एकाच माणसाने एका शहराची शरणागती घ्यावी आणि वर्षाच्या आत स्वतः शरण जावे, हा भाग मी दोनदा वाचला.

याच ठिकाणी सेवेतील एक उणीव जाणवली. जावाचा घडीचा नकाशा प्रतीतून फाटलेला होता आणि त्यावाचून माघारीचा मार्ग नीट उमगत नव्हता. तक्रार करताच पुढच्या फेरीत बाईंनी नकाशासंग्रहातील जावाच्या पानाची झेरॉक्स पाठवली; तरी पुस्तक देण्यापूर्वी प्रत तपासली जावी, ही अपेक्षा राहतेच. दुसरे असे की, वाचनालयाची यादी फक्त लेखक आणि शीर्षक यांवर आधारलेली आहे. विषयवार यादी नसल्यामुळे बाई रजेवर असतील तर असे पुस्तक सापडणे अवघड आहे. वर्गणी मात्र वाजवी आहे, आणि जाड चरित्रग्रंथासाठी पंधरा दिवसांची मुदत विनाशुल्क वाढवून मिळते. मी ती घेतली असून दमास्कसजवळ लढलेल्या भारतीय पलटणींवरच्या पुस्तकाची मागणीही नोंदवली आहे.