बारोलो घ्यायची की बारबारेस्को?

इटलीला निघालेल्या ओळखीच्यांचा हल्ली एक प्रश्न ठरलेला असतो: दहा-पंधरा वर्षं ठेवून मग उघडायची, अशी वाइनची एक बाटली आणायची तर बारोलो आणू की बारबारेस्को? परदेशातून येताना माणशी 2 लिटर मद्य विनाशुल्क आणता येतं, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोनच बाटल्या. निवड चुकली तर ते कळायलाही दहा वर्षं जातात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

दोन्ही वाइन एकाच द्राक्षाच्या, नेब्बिओलोच्या. त्यात दुसरं द्राक्ष मिसळायला परवानगीच नाही. वायव्य इटलीतल्या पीडमाँटमध्ये आल्बा नावाचं शहर आहे. त्याच्या नैर्ऋत्येला 11 गावांचा बारोलोचा पट्टा आणि ईशान्येला बारबारेस्को, नेइवे, त्रेइझो ही गावं. डीओसीजी हा इटलीतला सर्वांत वरचा दर्जा दोघींनाही 1980 साली मिळाला. त्यामुळे बारबारेस्कोला कुणी ‘बारोलोची धाकटी बहीण’ म्हटलं की मला पटत नाही.

नेब्बिओलो आधी ओळखून घ्या, कारण ती रंगावरून फसवते. ग्लास तिरका धरला तर पलीकडचं बोट दिसावं इतकी फिकट, कडेला विटकरी झाक. वास सुकल्या गुलाबाचा, चेरीचा आणि पाठोपाठ चक्क डांबराचा. नाजूक असेल असं वाटतं आणि पहिल्या घोटाला कच्चा आवळा चावल्यासारख्या हिरड्या आवळतात. हा तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन आणि आंबटपणा दोन्ही भरपूर, म्हणूनच ही वाइन वर्षानुवर्षं टिकते. वय झालं की तुरटपणा मऊ होतो आणि चामडं, तंबाखू, ट्रफल (जमिनीखाली उगवणारी सुवासिक बुरशी) असे वास वर येतात.

मग फरक कशात? पहिला मुरवण्याच्या काळात. बारोलो निदान 38 महिने मुरवूनच विकता येते, त्यातले 18 लाकडी पिंपात. बारबारेस्कोला 26 महिने पुरतात, लाकडात 9. ‘रिझेर्वा’ लिहिलं असेल तर हेच आकडे 62 आणि 50 महिने होतात. नियमात हा फरक उगाच आलेला नाही. बारबारेस्कोचे मळे तानारो नदीच्या जवळ आणि थोडे कमी उंचीवर आहेत. तिथे हवा जरा उबदार, द्राक्ष बहुधा काही दिवस आधी पिकतं आणि वाइनही लवकर मोकळी होते.

बारोलोच्या पट्ट्यातही सगळं सारखं नाही, आणि माझ्या मते खरी निवड इथेच आहे. पश्चिमेला ला मोर्रा आणि खुद्द बारोलो गावाकडची माती तुलनेने नवी, चुनखडीची चिकणमाती. तिथली वाइन सुवासिक, मऊ. पूर्वेला सेर्रालुंगा आणि मोनफोर्तेकडची माती जुनी, घट्ट. तिथली वाइन तरुणपणी अक्षरशः तोंड बंद करते आणि वीस वर्षांनी बोलायला लागते. लेबलवर गावाचं किंवा मळ्याचं नाव असेल तर ते आधी वाचा. ला मोर्राची बारोलो स्वभावाने कधी कधी सेर्रालुंगापेक्षा बारबारेस्कोच्या जास्त जवळची निघते.

साल बघायला विसरू नका. 2016 दोन्हीकडे उत्तम. 2014 मात्र थंड आणि पावसाचं होतं. त्या वर्षी बारबारेस्कोकडे पाऊस कमी पडला आणि तिथल्या बाटल्या सरस ठरल्या.

आता आपल्या घराचं. या वाइनला बारा ते चौदा अंशांचा, न हलणारा गारवा लागतो. मी एक चांगली बारोलो पुण्यात स्वयंपाकघराच्या कपाटात चार उन्हाळे ठेवली होती. काढली तेव्हा बूच मानेतून वर आलेलं होतं आणि आत गुलाब नव्हता, डांबर नव्हतं, नुसता शिजलेल्या मनुकांचा वास. तेव्हापासून मी आधी विचारतो: वाइनचा फ्रिज आहे का?

फ्रिज असेल, आणि मुलीच्या विसाव्या वाढदिवसाला उघडायची इतका धीर असेल, तर सेर्रालुंगाची बारोलो घ्या. नसेल तर बारबारेस्कोच घ्या. सहा-आठ वर्षांची झालेली मिळाली तर आणून त्याच हिवाळ्यात उघडा. ती सहसा बारोलोपेक्षा स्वस्तही पडते. मी ‘प्रोदुत्तोरी देल बारबारेस्को’ सुचवतो. 1958 मध्ये गावच्या पाद्रीबाबांनी 19 शेतकऱ्यांना एकत्र आणून ही सहकारी संस्था उभी केली. पहिली तीन वर्षं वाइन चर्चच्या तळघरात बनली. सहकार जवळून पाहिलेल्या आपल्या माणसांना ही बाटली हातात घेताना वेगळंच वाटेल.

जेवणात तांबडा रस्सा नको. तिखटावर टॅनिन आणि अल्कोहोल दोन्ही जाळतात. कमी तिखटाचं, चरबीदार, मंद शिजवलेलं मटण करा. जुनी बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवा म्हणजे गाळ तळाला बसेल. मग सावकाश ओता, आणि शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या.