बिनडोमच्या एलईडीने मला मामा बनवलं

लांब पल्ल्याच्या टॉर्चचा नाद मला जुनाच आहे, त्यामुळे फसलो हे सांगायला जास्तच लाज वाटते.

एलईडीच्या पिवळ्या चौकोनावर जो पारदर्शक फुगा दिसतो तो सिलिकॉनचा डोम. चिपमधला प्रकाश जास्तीत जास्त बाहेर काढणं हे त्याचं काम, पण तो भिंगासारखा चौकोन मोठाही करून दाखवतो. डोम काढला की ल्युमेन, म्हणजे एकूण प्रकाश, घटतात. मात्र प्रकाशाचा उगम लहान होतो आणि तोच रिफ्लेक्टर (एलईडीभोवतीची चकचकीत वाटी) झोत आवळून लांब फेकतो. थोडा प्रकाश उलट फॉस्फरवर, म्हणजे चिपवरच्या पिवळ्या लेपावर, आदळतो, म्हणून रंग पिवळसर होतो. हौशी लोक पेट्रोलमध्ये भिजवून, तापवून किंवा ब्लेडने कापून डोम काढतात. काही एलईडी कारखान्यातूनच सपाट येतात, उदाहरणार्थ क्री कंपनीची एक्सपी-एल एचआय.

मी ऑनलाइन घेतलेल्या टॉर्चच्या जाहिरातीत हीच एलईडी लिहिली होती. शुभ्र पांढरा प्रकाश, १,००,००० कँडेला (झोताची तीव्रता), पल्ला १,००० मीटर. शिवाय ‘डोम नसल्यामुळे ल्युमेनही जास्त’. इथेच थांबायला हवं होतं. एएनएसआय एफएल-१ या टॉर्चच्या मानकात पल्ला म्हणजे जिथे पडणारा प्रकाश ०.२५ लक्स (उजेड मोजायचं एकक) उरतो ते अंतर. हिशोब सोपा आहे: कँडेलाचं वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. एक लाखाला साधारण ६३२ मीटर येतात. हजार मीटरला अडीच लाख कँडेला लागतात. त्यांचेच दोन आकडे एकमेकांशी भांडत होते आणि मी फोटो बघून भाळलो.

टॉर्च आली. पहिल्याच रात्री झोत पिवळट, त्यात कडेला हिरवट झाक. ‘बिनडोमची आहे, थोडा रंग उतरणारच’ अशी मी स्वतःचीच समजूत घातली. खरं तर कारखान्यातून सपाट आलेल्या एलईडीचा रंग तिच्या छापील रंगवर्गाप्रमाणेच असतो, कारण फॉस्फर त्या हिशोबानेच घातलेला असतो. मग लक्समीटर काढला. ५ मीटरवर १,५६० लक्स. त्याला अंतराच्या वर्गाने, म्हणजे २५ ने गुणलं की ३९,००० कँडेला, म्हणजे पल्ला जेमतेम ३९५ मीटर.

तिसऱ्या आठवड्यात फुल मोडवर ती लुकलुकायला लागली. डोक्यावर टिचकी मारली की पेटायची, गरम झाली की जायची. शेवटी बेझल, म्हणजे काच धरणारी पुढची कडी, उघडून दहापट भिंगाखाली चिप धरली. खऱ्या सपाट एलईडीवर सिलिकॉनचा पातळ थर असतो, कडा सुरीने कापल्यासारख्या सरळ. इथे दोन कोपऱ्यांत सिलिकॉनचे फाटके तुकडे, वाळलेल्या डिंकासारखे. मधोमध फॉस्फरवर एक ओरखडा. आणि चिपच्या कडेला जाणाऱ्या केसापेक्षा बारीक तारांपैकी एक तुटून वर उचललेली. कुणीतरी साध्या डोमवाल्या एलईडीचा फुगा घाईघाईत उपटला होता. हाताने डोम काढणं हा गुन्हा नाही, मीही चार-दोन चिपा त्यात मारल्या आहेत. पण हातचा माल कारखान्याचा म्हणून विकणं, ही सरळ लबाडी.

तक्रार केली तर उत्तर आलं: ‘टॉर्च तुम्ही उघडली, वॉरंटी संपली.’ माझी खरी चूक ही. उघडण्याआधी काचेतूनच फोटो काढायला हवे होते, लुकलुकण्याचा व्हिडिओ घ्यायला हवा होता, जाहिरातीचा स्क्रीनशॉट ठेवायला हवा होता. आठवड्याभरात जाहिरातीतून ‘एचआय’ ही दोन अक्षरं गायब झाली आणि माझ्याकडे पुरावा शून्य.

न उघडता तपासायचं असेल तर टॉर्च सर्वात मंद मोडवर लावा. साधं बहिर्गोल भिंग झोतासमोर मागेपुढे करत भिंतीवर चिपची प्रतिमा पाडा. रिफ्लेक्टर मध्ये येतो, त्यामुळे थोडी खटपट लागते, पण चौकोन उमटतो. कडा कुरतडलेल्या किंवा मध्ये काळपट रेघ दिसली की ताबडतोब परत करा. पेटलेल्या टॉर्चमध्ये थेट डोकावू मात्र नका.

पैसे बुडालेच. आता त्याच टॉर्चमध्ये खालच्या धातूच्या चकतीसकट दुसरी एलईडी बसवली आहे, यावेळी सुटी घेतलेली आणि बसवण्याआधी भिंगाखाली बघितलेली. जुनी चिप डबीत आहे. तिची ती तुटकी तार अजून तशीच वर उभी आहे.