प्लाझ्मोडीबी: हिवतापाच्या परजीवीतील कायनेज निवडताना

प्लाझ्मोडीबी हा ऑनलाइन माहितीकोश हिवतापावर संशोधन करणाऱ्यांना नवा नाही. प्लाझ्मोडियम फाल्सिपारमच्या ३डी७ वाणाचा २००२ साली प्रसिद्ध झालेला जीनोम आणि त्यानंतरच्या प्रयोगांतून साठत गेलेली माहिती तेथे जनुकागणिक पाहता येते. औषधाचे लक्ष्य ठरू शकतील अशी प्रथिन कायनेजे (म्हणजे प्रथिनांवर फॉस्फेट बसवणारी विकरे) निवडण्यासाठी मी तो वापरला, आणि हे परीक्षण तेवढ्या कामापुरतेच आहे.

नुसत्या ‘कायनेज’ या शब्दाने शोध घेतल्यास साखरेवर फॉस्फेट बसवणारे हेक्झोकायनेजही यादीत येते, म्हणून पीफॅम या प्रथिनांतील कार्यकारी भागांच्या सूचीतील प्रथिन कायनेजांच्या क्षेत्रावरून, म्हणजे पीएफ०००६९ या संकेतांकावरून, शोधणे बरे. अशा शोधाला दुसरा शोध जोडून दोहोंत समान असलेली जनुके वेगळी काढण्याची सोय मला सर्वांत उपयुक्त वाटली. मात्र खाते उघडले नसेल, तर ही मांडणी कायमची जतन होत नाही. गाळणी फार कडक ठेवण्यातही धोका आहे. परजीवीतील पीआय४के हे औषधाचे लक्ष्य म्हणून उत्तम अभ्यासले गेलेले कायनेज प्रथिनावर नव्हे, तर मेदावर काम करते, त्यामुळे वरच्या शोधात ते हाती लागत नाही.

जनुक अत्यावश्यक आहे की नाही, हे ठरवताना एकाच प्रयोगावर विसंबू नये. सीडीपीके१ या, वनस्पतींत आढळणाऱ्या पण माणसात नसलेल्या कुळातील, कायनेजाला रक्तातील वाढीसाठी अपरिहार्य मानले जात असे; पुढे त्याच्याविना रक्तात वाढणारे परजीवी मिळाले, पण ते डासात पुढे सरकू शकले नाहीत. उंदरांतील हिवतापाच्या परजीवीवरील निष्कर्षही सरसकट लावता येत नाहीत, कारण फाल्सिपारममध्ये एफआयकेके कुळातील सुमारे वीस कायनेजे आहेत, तर उंदरांतील प्लाझ्मोडियममध्ये एकच.

औषधाचा रेणू कायनेजात नेमका कुठे बसेल, हे मात्र वाचकालाच ताडून पाहावे लागते. पीकेजी या कायनेजाच्या पानावर (जनुक पीएफ३डी७_१४३६६००) अमिनो आम्लांचा क्रम मिळतो, पण ६१८ व्या जागेवरील लहानसे अमिनो आम्ल थ्रिओनिन हे, फॉस्फेट पुरवणारा एटीपी जेथे बसतो त्या खोबणीशेजारची वाट मोकळी ठेवते आणि मानवी पीकेजीत तेथे मोठे अमिनो आम्ल असल्यामुळे फक्त परजीवीच्या पीकेजीला रोखणारे निवडक रोधक शक्य होतात, हे शोधनिबंधांतूनच उमगते. पाने लांबलचक आहेत. त्यांवरील वापरकर्त्यांच्या टिप्पण्यांकडे सहसा दुर्लक्ष होते. मी आता त्या आधी वाचतो.