साउंडबॉक्स घ्यावा का? झेरॉक्सच्या दुकानातून रिव्ह्यू

घ्या. आधीच सांगून टाकते म्हणजे ज्यांना एवढंच बघायचं होतं ते मोकळे. साउंडबॉक्स म्हणजे क्यूआरवर पैसे आले की रक्कम मोठ्यानं बोलून सांगणारा काउंटरवरचा डबा. पण घेतल्यावर पुढं काय काय होतं ते बसवायला येणारा पोरगा सांगत नाही, ते लिहितेय. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाही, आमच्या लाईनीत तीन-चार वेगवेगळ्या कंपन्यांचे डबे आहेत आणि फरक एकोणीस-वीसचा, रंग तेवढा वेगळा.

आमचं दुकान कराडला कॉलेजच्या रस्त्यावर. झेरॉक्स, प्रिंट, लॅमिनेशन, थोडी स्टेशनरी. गिऱ्हाईक म्हणजे सगळी पोरं आणि बिल म्हणजे दोन रुपये, चार रुपये, असाइनमेंटची शेवटची तारीख असली तर साठ-सत्तर. या दोन-दोन रुपयांनी पूर्वी जीव खाल्लाय आमचा. सुट्टे नाहीत म्हणून बरणीतली गोळी द्यायची, पोरगं म्हणणार काकू गोळी नको उद्या देतो, आणि उद्या काय येत नाही. आता बरणीतल्या गोळ्या आमचीच मुलगी संपवते. यूपीआय आलं २०१६ साली, त्याच वर्षी नोव्हेंबरात नोटाबंदी, पण आमच्याकडं खरा वापर करोनानंतर वाढला. ऑगस्ट २०२५ मध्ये देशभरात एका महिन्यात २००० कोटींच्या वर व्यवहार झाले, त्यातले निम्मे आपल्याच दुकानातले दोन रुपयेवाले असणार असं आमचे हे म्हणतात.

डबा नव्हता तेव्हा नुसता क्यूआर चिकटवलेला होता आणि तोच खरा वैताग होता. मशीनमध्ये कागद अडकलाय, माझे दोन्ही हात टोनरनं काळे, समोर पाच जण उभे आणि प्रत्येक जण मोबाईल नाकासमोर नाचवून "झालं काकू" म्हणून निघालेला. बँकेचा मेसेज कधी लगेच यायचा कधी संध्याकाळी, आणि दोन रुपयांसाठी प्रत्येकाला थांबवून फोन उघडून बघत बसलं तर धंदा कधी करायचा. डब्यानं हे एक काम फर्स्टक्लास केलं. बघायला लागत नाही, कानावर येतं. मी पाठमोरी असले तरी कळतं. सासूबाई दुपारी काउंटरला बसतात, त्यांना स्मार्टफोन अजिबात जमत नाही, तरी डबा बोलला की त्या मान डोलावतात आणि पोरगं जातं. आधी दुपारचे दोन तास त्या फक्त रोख घ्यायच्या.

आता मशीनबद्दल. आवाज खणखणीत, एसटी गेली तरी ऐकू येतो. बॅटरी आमच्याकडं दिवसभर आरामात जाते, लाईट गेली तरी टेन्शन नाही. आत त्याचं स्वतःचं सिम असतं त्यामुळं तुमचा मोबाईल घरी राहिला, बंद पडला, मुलीनं गेम खेळायला नेला तरी डबा आपला बोलतो. कंपनीच्या सर्व्हरवरनं निरोप येतो आणि मग तो वाचून दाखवतो, गिऱ्हाईकाच्या फोनशी त्याचा काही संबंध नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणारे. चार्जिंगची पिन मात्र रद्दी, थोड्या दिवसात ढिली होते, वायर एका ठराविक कोनात धरून ठेवायला लागते. आणि भाषा मराठी लावली तर पोरांची मजा बघा, डबा म्हणतो एकोणसत्तर रुपये प्राप्त झाले आणि ज्यानं पैसे भरले तोच मैत्रिणीला विचारतो, "सिक्स्टी नाईनच म्हणाला ना?" शेजारच्या मेडिकलवाल्यांनी याला कंटाळून हिंदी लावली. आम्ही नाही बदलली.

भाडं महिन्याला १०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे ११८. आमच्या भाषेत ५९ झेरॉक्स. तक्रार नाही पण हे कशासाठी ते समजून घ्या. जानेवारी २०२० पासून साध्या यूपीआय पेमेंटवर दुकानदाराकडनं टक्केवारी घेता येत नाही. मग कंपनी कमावणार कुठनं, तर डब्याच्या भाड्यातनं आणि तुम्हाला कर्ज देऊन. डबा बसवून थोडे दिवस झाले की फोन सुरू होतात, मॅडम तुमची प्री अप्रूव्हड लिमिट आलीय, रोजच्या गल्ल्यातनं हप्ता जाईल, कळणार पण नाही. हे कळणार पण नाही वालं वाक्य मला सगळ्यात डेंजर वाटतं. आपण रोज किती कमावतो, कुठल्या दिवशी दुकान बंद असतं, दिवाळीत किती आणि मे महिन्यात किती, हे आमच्या माहेरच्यांना माहीत नाही पण त्या कंपनीला पैशापर्यंत माहीत आहे. कर्ज घेणं वाईट असं म्हणत नाही, पण व्याज वर्षाचं किती पडतं हे कागदावर लिहून मागा, फोनवर कोणी सांगत नाही.

आता फसवाफसवीचं, ज्याच्यासाठी खरं तर लिहायला बसले.

बनावट पेमेंट अॅप नावाचा प्रकार आहे. दिसायला हुबेहूब खऱ्यासारखं, हिरवी टिक, दुकानाचं नाव, रक्कम, वेळ सगळं बरोबर, वरनं टुंग असा आवाज पण. फक्त पैसे कुठंच जात नाहीत. आमच्या कोपऱ्यावरच्या चायनीजच्या गाडीवाल्या दादांना असल्या स्क्रीनवर रात्रीच्या गर्दीत बऱ्यापैकी चुना लागला, तेव्हा त्यांच्याकडं डबा नव्हता. दुसऱ्या दिवशी घेतला. त्यामुळं आमच्याकडं नियम एकच, स्क्रीन दाखवू नकोस बाळा, डबा बोलू दे. सुरवातीला पोरांना अपमान वाटायचा, आता सवय झाली, स्वतःच थांबतात आणि डबा बोलला की जातात.

पण इथंच एक गोची आहे जी कंपनीनं सोडवलेली नाही. डबा रक्कम सांगतो, कोणाची ते सांगत नाही. परीक्षेच्या आधी हॉलतिकीटच्या प्रिंटला झुंबड असते, सगळ्यांचं बिल सारखंच दहा रुपये, नेटवर्क गंडलेलं, मग डबा दोन मिनिटं गप्प आणि एकदम दहा रुपये प्राप्त झाले, दहा रुपये प्राप्त झाले, दहा रुपये प्राप्त झाले. समोर चौघं, चौघंही म्हणतात माझे. चौथा कोण? मग फोन उघडून नावं वाचायला लागतातच. स्क्रीनवाला डबा मिळतो, त्यात रक्कम आपण टाकायची आणि प्रत्येक बिलाला वेगळा क्यूआर येतो, त्यात हा घोळ कमी होतो आणि पोरं वीसच्या जागी दोन टाकतात तेही बंद होतं. पण दोन रुपयाच्या झेरॉक्सला प्रत्येक वेळी बटणं दाबत बसणं आमच्याच्यानं होणार नाही, आणि भाडंही जास्त सांगतात. किराणा, कपडे, हॉटेलवाल्यांनी तोच घ्यावा.

दुसरी गोष्ट क्यूआर बदलायची. तो चौकोन म्हणजे नुसता छापलेला पत्ता आहे, कुणीही छापू शकतं, आम्ही तर रोज लोकांना छापून देतो. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोला रात्रीतनं दुकानांबाहेरच्या आणि पेट्रोल पंपावरच्या क्यूआरवर दुसरेच क्यूआर चिकटवले होते, सकाळी गिऱ्हाईकाचे पैसे भलत्याच्या खात्यात. यात डबा उपयोगी पडतो तो असा की पैसे भरले म्हणतात आणि डबा गप्प, म्हणजे काहीतरी बिघडलंय हे पहिल्या-दुसऱ्या गिऱ्हाईकालाच कळतं. फक्त मग "रेंज नसेल" म्हणून सोडून देऊ नका, गिऱ्हाईकाला विचारा नाव कुणाचं दाखवतंय. शटरच्या बाहेर क्यूआर ठेवूच नका, रात्री आत घ्या. आम्ही दर सकाळी स्वतःच्या फोननं एक रुपया टाकून बघतो, ह्यांना तो चाळा वाटतो, वाटू दे.

डब्याच्या नावाखाली येणारी माणसं हा तिसरा प्रकार आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. गळ्यात कार्ड, पाठीवर सॅक, "मॅडम तुमच्या डब्याचं भाडं कमी करून देतो, वर्षाची स्कीम आलीय, जरा मोबाईल द्या". मोबाईल द्यायचा नाही. डबा बसवताना खऱ्या पोरानं पण माझा फोन मागितला होता, मी म्हटलं तू सांग मी दाबते, थोडा वेळ जास्त गेला, बिघडलं काय? पिन टाकताना समोर उभं राहू द्यायचं नाही. आणि पैसे यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकली म्हणजे पैसे जाणार. हे सगळ्यांना पाठ आहे तरी "मिलिटरी कॅम्पमधनं बोलतोय, दोनशे वह्या पाहिजेत, अॅडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असले फोन अजून येतात आणि अजून लोक अडकतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून एका माणसानं दुसऱ्याला पैशाची रिक्वेस्ट पाठवायची सोय एनपीसीआयनं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं, बंद केली ते बरं झालं, पण स्कॅन करायला लावणारे आहेतच.

आता जे डब्याचा दोष नाही पण डब्यामुळं दारात येतं ते. आमच्या ओळखीत एक मोबाईल कव्हर-चार्जर विकणारे काका आहेत. एके दिवशी त्यांचं खातं होल्डवर. कारण कळलं ते असं की कुणीतरी लुटलेल्या पैशातनं त्यांच्याकडं खरेदी केली होती, ज्याचे पैसे गेले त्यानं १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, तक्रार केली, आणि पैसा ज्या ज्या खात्यातनं फिरला त्या साखळीत काकांचं खातं आलं. वादातली रक्कम किरकोळ पण पूर्ण खातं अडकलं, घरच्या कर्जाचा हप्ता बाउन्स. तक्रार दुसऱ्या राज्यातली, भाषा वेगळी, फोन उचलत नाहीत. १९३० वाईट नाही, तुमचे पैसे गेले तर पहिल्या तासात तिथंच फोन करा, पैसे थांबवायचा तोच रस्ता. पण दुकानदार म्हणून एवढं कराच, क्यूआरला वेगळं खातं जोडा, पगार, हप्ते, मुलांच्या फिया यांचं वेगळं. रोज रात्री पैसे तिकडनं इकडं. मोठ्या रकमेचं बिल असेल तर बिलबुक फाडा, नाव लिहा, कागद असला तर बँकेत बोलायला तोंड राहतं.

टॅक्सचं पण लोक विचारतात. जुलै २०२५ ला कर्नाटकात यूपीआयच्या आकड्यांवरनं छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या तेव्हा बेंगळुरूत ओन्ली कॅशच्या पाट्या लागल्या, आणि आमच्या लाईनीत पण दोघांनी डबे कपाटात टाकले. हे मला पटलं नाही. मालाची विक्री वर्षाला ४० लाखांच्या वर आणि सेवा असेल तर २० लाखांच्या वर गेली की नोंदणी, त्याखाली असाल तर घाबरायचं काय. घोळ होतो तो वेगळाच, भिशीचे पैसे, भावानं परत दिलेली उसनवारी, मुलीच्या लग्नाचा आहेर, सगळं दुकानाच्याच क्यूआरवर घेतलं की आकडा फुगतो आणि मग सिद्ध करत बसा. परत तेच, खातं वेगळं ठेवा.

जाता जाता आमच्या धंद्यातलं एक. डब्याला घाबरणारी माणसंच आमच्या व्हॉट्सअॅपवर बिनधास्त आधार, पॅन, बँकेचं पासबुक पाठवतात आणि प्रिंट घेऊन निघून जातात, डिलीट करा म्हणायला शंभरातला एक थांबत नाही. मे २०२२ मध्ये यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, बेंगळुरू ऑफिसनं आधारची झेरॉक्स कुणाला देऊ नका असं पत्रक काढलं आणि दोन दिवसात मागं घेतलं, ते दोन दिवस आमची झोप उडाली होती. मास्क्ड आधार मिळतं, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात, चालत असेल तिथं तेच काढा. आम्ही रात्री सगळ्या फाइली उडवतो पण सगळी दुकानं उडवत असतील याची गॅरंटी मी देणार नाही.

बंद पडण्याबद्दल. १२ एप्रिल २०२५ ला, हनुमान जयंतीच्या दिवशी, देशभर यूपीआय कोलमडलं होतं. त्या दिवशी लाईनीतले सगळे डबे मुके आणि सगळ्यांच्या खिशात फक्त मोबाईल. शेवटी वहीत नावं लिहिली, म्हणजे परत उधारी. अशा वेळी गिऱ्हाईकाचे कट झाले आणि आपल्याला आले नाहीत तर भांडू नका, दुकानाच्या पेमेंटला पाच दिवसात आपोआप परत जायला पाहिजेत आणि त्यानंतर दिवसाला १०० रुपये भरपाई असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. दोन रुपयाच्या झेरॉक्सवर दिवसाला शंभर. आमच्या एका पोराला हे सांगितलं तर तो म्हणाला काकू, माझे अडकू देत की मग.

माझ्याकडनं पाचपैकी चार. अर्धा चार्जिंगच्या पिनसाठी कापलाय, अर्धा कर्जाच्या फोनसाठी. आणि आवाज जरा कमी ठेवा, दिवाळीच्या आधी समोरच्या साडीच्या दुकानातला डबा पूर्ण रस्त्याला त्यांची कमाई सांगत होता, वर्गणीवाली पोरं बरोबर पावतीपुस्तक घेऊन तिथंच पहिली गेली.