वाढत्या अंगाचं घेऊ नका: टी-बॉलच्या सामानाचा पाच महिन्यांचा अनुभव

फेब्रुवारीत न्यू जर्सीत अंगणात बर्फ असतो आणि लिटल लीगच्या (मुलांच्या बेसबॉल संघटनेच्या) नावनोंदणीची मुदत मात्र संपत आलेली असते. मग घाईघाईने ग्लव्ह, बॅट, हेल्मेट, क्लीट्स (तळाला खिळे असलेले बूट) असं सगळं एकाच फेरीत घेतलं जातं. टी-बॉल म्हणजे स्टँडवर ठेवलेला चेंडू मारायचा, लहान मुलांचा सोपा बेसबॉल. त्यासाठी ५ आणि ७ वर्षांच्या दोन मुलांकरता घेतलेलं हे सामान फेब्रुवारी ते जून आठवड्यातून दोन-तीनदा वापरात होतं. आधी तळघरात, गुढीपाडव्याच्या सुमारास ओल्या मैदानावर आणि शेवटी कडक उन्हात. मुलांसाठी काहीही घेताना 'वाढत्या अंगाचं' बघायची आपली सवय असते. या खेळात ती कपड्यांपुरतीच ठेवावी. ग्लव्ह, बॅट आणि हेल्मेट आजच्या मापाचं नसेल तर मूल खेळ शिकतच नाही, नुसतं सामान सांभाळत उभं राहतं.

सगळ्यात जास्त वेळ ग्लव्ह निवडायला द्या. त्याचं माप तर्जनीच्या टोकापासून आतल्या खोलगट भागातून मनगटाकडच्या टोकापर्यंत, इंचात मोजतात. ५-६ वर्षांच्या मुलाला ९ ते १० इंच आणि ७-८ वर्षांच्या मुलाला साडेदहा ते ११ इंच पुरतो. धाकट्यासाठी 'दोन वर्षं जाईल' म्हणून घेतलेला साडेअकरा इंची ग्लव्ह महिन्याभरात बाजूला पडला. वजनाने मनगट खाली झुकतं आणि मूल तो सुपासारखा पुढे धरून उभं राहतं. चेंडू त्यात पडतो आणि उडून बाहेर जातो, कारण ग्लव्ह मिटतच नाही.

म्हणून दुकानातच मुलाच्या हातात घालून सलग दहा वेळा मिटायला सांगा. दुसऱ्या हाताची मदत न घेता अंगठ्याची आणि करंगळीची बाजू एकमेकींना टेकली तर घ्या. पूर्ण चामड्याचा महाग ग्लव्ह या परीक्षेत बहुतेक वेळा नापास होतो, कारण ते चामडं वळवण्याइतका जोर पाच वर्षांच्या हातात नसतो. कृत्रिम कापडाचा, फक्त तळव्याला मऊ चामडं असलेला, २० ते ३० डॉलरचा ग्लव्ह या वयाला जास्त चांगला. खोक्यावरचं 'आरएचटी' नीट वाचा. त्याचा अर्थ 'उजव्या हाताने फेकणारा', म्हणजे ग्लव्ह डाव्या हातात घालायचा. नवे पालक सर्वाधिक चुकतात ते इथेच.

नवा ग्लव्ह मऊ करायला तीन आठवडे हाताशी ठेवा. रात्री आत चेंडू ठेवून, ग्लव्ह मिटून, पायजम्याच्या जुन्या नाडीने घट्ट बांधायचा. दिवसा मोठ्या माणसाने हातात घालून त्याच जागी रोज ५०-६० वेळा चेंडू आपटायचा. तेल लावायचंच तर ग्लव्हचं, फक्त चामड्याला आणि अगदी थेंबभर. खोबरेल किंवा स्वयंपाकाचं तेल नको, ग्लव्ह जड आणि ओशट होतो. ओव्हन, मायक्रोवेव्ह आणि हीटरची जाळी यांच्यापासून तो लांब ठेवा. हिवाळ्यात घरातली हवा आधीच कोरडी असते, वरून गरम झोत बसला की चामडं कडक होतं आणि ग्लव्ह बांधणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यांना, म्हणजे वाद्यांना, चिरा पडतात. मैदानावर भिजला तर पुसून, आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून खोलीतच वाळवा. एप्रिलपासून अंगठ्याच्या आणि करंगळीच्या वाद्या सैल होऊ लागतात, त्या आठवड्यातून एकदा ओढून गाठी पक्क्या कराव्या लागतात.

क्रिकेट खेळलेल्या आई-बाबांसाठी एक खास गोष्ट. आपण दोन्ही तळवे वर करून ओंजळीत झेल घ्यायला शिकवतो. ग्लव्हमध्ये तसं केलं तर छातीच्या उंचीवरचा चेंडू हातावरून घरंगळत थेट तोंडाकडे येतो, आणि एकदा नाकावर बसला की मूल पुढे कित्येक दिवस चेंडू आला की मान फिरवतं. कमरेच्या वरचा चेंडू बोटं वर करून आणि खालचा बोटं खाली करून घ्यायचा, हे तळघरात मोज्यांच्या गोळ्याने आधी पक्कं करा. मग 'लेव्हल १' लिहिलेला सर्वांत मऊ चेंडू काढा. खरा कडक चेंडू या वयात घरात नसला तरी चालतं.

बॅटवर 'यूएसए बेसबॉल'चा (अमेरिकेतल्या या खेळाच्या राष्ट्रीय संघटनेचा) शिक्का हवा. १ जानेवारी २०१८ पासून लिटल लीगमध्ये तो लागतो. टी-बॉलच्या बॅटवर ती फक्त मान्य टी-बॉल चेंडूंसाठीच असल्याची वेगळी ओळ छापलेली असते. ती गांभीर्याने घ्या: कडक चेंडूने अशा बॅटला पोचे पडतात. म्हणून मोठ्या मुलाच्या गटात प्रशिक्षक स्वतः चेंडू टाकणार असतील तर कोणता चेंडू वापरणार ते आधी विचारा. लांबीतून वजन वजा केलं की 'ड्रॉप' मिळतो. २५ इंच आणि १३ औंस म्हणजे उणे १२. धाकट्याला हीच बॅट योग्य ठरली. मुलाला एका हाताने बॅट खांद्याच्या रेषेत आडवी धरायला लावून हळूहळू वीसपर्यंत मोजा. त्याआधीच टोक खाली आलं तर बॅट जड आहे. कॉम्पोझिट (कार्बन फायबरसारख्या मिश्र साहित्याची) बॅट या वयाला नकोच, शिवाय साधारण १५ अंश सेल्सिअसखाली ती तडकण्याची भीती असते आणि मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी पारा त्याच्या बराच खाली असतो. साधी ॲल्युमिनियमची बॅट घ्या. थंडीत तिच्या हादऱ्याने तळहात झिणझिणतात, त्यावर पातळ बॅटिंग ग्लव्हज पुरतात.

आणि हो, आपली मुलं बॅट हातात घेऊन धावतात! घरी टीव्हीवर क्रिकेटमध्ये तेच पाहिलेलं असतं. 'मारा, खाली ठेवा, पळा' हा क्रम अंगणात रोज दहा वेळा करून घ्या. बॅट भिरकावली तर मागे उभ्या असलेल्या कुणाला तरी लागते.

टी-स्टँड हे या सगळ्यातलं सर्वांत कमकुवत सामान. आतली नळी फटक्यासरशी खाली सरकते. तिच्याभोवती इन्सुलेशन टेपचे दोन-तीन वेढे दिले की पकड येते. वरचं रबर दोन महिन्यांत फाटलं, कारण लहान मुलं चेंडूइतकेच फटके रबराला मारतात. चेंडू मुलाच्या कमरपट्ट्याच्या उंचीवर आणि पुढच्या पायाच्या रेषेत ठेवा. मूल स्टँड पोटासमोर धरून उभं राहिलं की हात आखडतात आणि नळीच आडवी होते.

हेल्मेटवर 'एनओसीएसएई'चा (खेळाच्या सामानाची सुरक्षा मानकं ठरवणाऱ्या अमेरिकी संस्थेचा) शिक्का बघा. ते भुवयांच्या वर दोन बोटांवर बसावं आणि मान हलवल्यावर हलू नये. आत लोकरीची टोपी घातली की ते वर उचललं जातं, म्हणून थंडीत टोपीऐवजी गळ्याभोवती पातळ पट्टा द्या. क्लीट्स रबराचेच, धातूच्या खिळ्यांना या वयोगटात परवानगी नाही. सॉकरचे क्लीट्स घरात असतील तर टी-बॉलला तेच चालतात, उलटं मात्र करू नका, बेसबॉलच्या बुटांना चवड्यापुढे असलेला खिळा सॉकरमध्ये चालत नाही.

पँट आणि जर्सी मात्र खुशाल एक माप मोठी मागवा, कारण आत थर्मल जातो. वरून जाड जाकीट घातलं तर फेकणारा हात खांद्यातून फिरत नाही. मैदानाच्या लाल मातीचे डाग आधी पूर्ण वाळू द्या, ब्रशने झाडा, थंड पाण्यातून काढा आणि मगच ऑक्सिजन पावडरमध्ये भिजवा. डाग तसाच ठेवून ड्रायरमध्ये टाकलेली पँट पुन्हा पांढरी झाली नाही.

जूनअखेर सवलतीत पुढच्या वर्षाची बॅट दिसते, ती लगेच उचलू नका. लिटल लीग बेसबॉलमध्ये मुलाचं वय त्या वर्षीच्या ३१ ऑगस्टला धरतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेलं मूल वसंतात ६ वर्षांचं असलं तरी कागदावर ७ चं असतं आणि त्याचा गट, चेंडू, बॅट सगळंच बदलू शकतं. पुढच्या हंगामापर्यंत ग्लव्ह पुसून, आत चेंडू ठेवून, नाडी बांधून घरातल्या कपाटात ठेवा, गॅरेजमध्ये नको.