ब्लूज आधी की जॅझ? पियानोवर मनाने वाजवू पाहणाऱ्यांसाठी

कॉर्ड जेमतेम बसल्यात, आता समोर नोटेशनचा कागद न ठेवता वाजवायचंय. मग १२ बारच्या (बार म्हणजे मात्रांचा एक खंड) ब्लूजने सुरुवात करावी की थेट जॅझ स्टँडर्ड, म्हणजे जॅझवाले नेहमी वाजवतात असं एखादं गाणं, हातात घ्यावं? माझं मत आधीच सांगतो: पेटीवरून पियानोकडे आलेल्यांनी ब्लूज आधी घ्यावा, आणि नुसता चाखून सोडू नये.

ब्लूजचा साचा आटोपशीर आहे. सीमध्ये चार बार सी सेव्हन, दोन एफ सेव्हन, पुन्हा दोन सी सेव्हन. मग जी, एफ, सी आणि परतायला पुन्हा जी, एकेक बार. चार-चार मात्रांचे १२ बार, म्हणजे ४८ मात्रांचं आवर्तनच. रोज घोटलं की ते अंगात मुरतं, आपण कुठे आहोत हे मोजावं लागत नाही. काही सुचायला हीच मोकळीक लागते. स्वरही ओळखीचे: सी हा सा धरला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानी रागाचेच स्वर, त्यांत तीव्र म आला की ब्लूज स्केल तयार.

पियानोवर मींड निघत नाही. म्हणून ब्लूजवाले काळ्या ई फ्लॅटवरून तेच बोट शेजारच्या पांढऱ्या ईवर घसरवतात. बोट उचलायचं नाही, घसरू द्यायचं. दोन स्वर इतके चिकटून येतात की कानाला त्यांच्या मधला सूर लागल्यासारखा वाटतो. शिकागोत ब्लूज गायक मडी वॉटर्सबरोबर वाजवणारा पियानोवादक ओटिस स्पॅन ऐका आणि त्याचा एखादा तुकडा गळ्यातून निघेपर्यंत कीबोर्डला हात लावू नका.

जॅझ स्टँडर्ड बहुतेक ३२ बारांचं. कॉर्ड दर बारला, कधी अर्ध्या बारला बदलते. नवख्याचं सगळं लक्ष पुढची कॉर्ड आठवण्यात जातं आणि उजवा हात गप्प बसतो. पण कॉर्ड एकमेकींत कशा विरघळतात ते जॅझ जितकं शिकवतं, तितकं साधा ब्लूज शिकवत नाही. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही साखळी डाव्या हातात दोन-दोन स्वरांनी वाजवा: एफ-सी, एफ-बी, ई-बी. आधी सी अर्धा स्वर उतरून बीवर येतो, एफ जागचा हलत नाही. मग एफ ईवर उतरतो, बी तिथेच राहतो. मला तरी हे ऐकून जॅझचं कोडं पहिल्यांदा सुटलं.

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्य स्वरलिपी) वाचणाऱ्यांना जॅझचा रस्ता जवळचा. कागद वाचता येणं सोलोच्या, म्हणजे मनाने वाजवण्याच्या, आड येतं, हे मला पटत नाही. गोव्यात चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले वादकच मुंबईच्या जॅझ बँडमध्ये वाजवत होते. मात्र कागद बाजूला केल्यावर हात थांबत असेल, तर तुम्हीही आधी ब्लूजच घ्या.

ब्लूजमध्ये एक धोका आहे. सहा स्वर सगळ्या कॉर्डवर चालून जातात, म्हणून माणूस तेच वर-खाली करत बसतो. त्यावर इलाज साधा आहे: सी सेव्हनवर ई धरा, एफ सेव्हन येताच ई फ्लॅटवर उतरा. डावा हात मांडीवर ठेवूनही कॉर्ड बदलल्याचं ऐकणाऱ्याला कळलं पाहिजे. स्विंगचा झोल (जोडीतला पहिला स्वर लांब, दुसरा आखूड) ब्लूज आणि जॅझ दोन्हीकडे लागतो; मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून सराव करा.

एखाद्या संथ जॅझ बॅलडच्या ओढीनेच पियानो घेतला असेल, तर तीच आधी शिका. ओढ मारून शिकणं टिकत नाही. बाकीच्यांनी सहाएक महिने ब्लूज वाजवावा आणि मग नवव्या-दहाव्या बारमध्ये जी आणि एफच्या जागी डी मायनर सेव्हन आणि जी सेव्हन घालून पाहावं. डाव्या हातात तेच एफ-सी, एफ-बी येतील आणि अकराव्या बारला ई-बी फ्लॅटवर उतरतील. तिथून पुढे तुम्ही जॅझच वाजवत असता.