लघवीसाठी कायमची नळी की दर चार-सहा तासांनी?
दादाच्या मणक्याला मार लागला तेव्हा बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी सगळे चालण्याचंच विचारायचे, पण खरी पंचाईत लघवीची होती, ती आपली आपण होईना. मूत्राशयात कायम ठेवायची नळी, म्हणजे फोली कॅथेटर, सोपी, तिला जोडलेली पिशवी भरली की रिकामी करायची बस, पण ती जितके दिवस आत तितकी इन्फेक्शनची नि खड्यांची भीती जास्त. दुसरं म्हणजे दर ४ ते ६ तासांनी स्वतः नळी घालून काढायची, एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही, म्हणून पाणीसुद्धा मोजून. हात चालत असतील तर हेच करा, माझं ठाम मत. पहिल्या दिवशी साबणाने हात धुऊन बसला तर घामाघूम झाला बिचारा, आता पाच मिनिटांत उरकतो आणि संध्याकाळी व्हीलचेअरवर सूरसागर तलावावर जातो. मानेला इजा होऊन बोटंच चालत नसतील, तर ओटीपोटातून घालायच्या नळीचं डॉक्टरांना जरूर विचारा.